जबाबदारी वर ढकलता येते का?

अनवट

आस्तिक-नास्तिक धाग्यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो: देव आहे की नाही हा या धाग्याचा विषय नाही. तो वाद घालायचा असेल त्यांच्यासाठी जुने धागे उघडेच आहेत.

मला छळणारा प्रश्न असा. समजा, देव आहे. म्हणून माझ्या कृत्यांची माझ्यावरची जबाबदारी तसूभर तरी कमी होते का? आणि समजा, नाही. मग ती वाढते, की उलट नाहीशीच होते? माझं मत असं की दोन्हीकडे ती तेवढीच राहते. 'हे करणं योग्य, हे अयोग्य' हा निवाडा शेवटी ज्याचा त्यालाच करावा लागतो. तो मी केलाच नाही, वरून आला, असं म्हणणं ही पळवाट आहे.

पेच जुनाच आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस न्यायालयाच्या दारात उभा आहे. देवांचा अनादर आणि तरुणांना बिघडवणं असे आरोप त्याच्यावर आहेत. तिथे त्याला युथिफ्रो भेटतो. हा गृहस्थ चक्क स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलाय. झालं असं होतं की एका मजुराने दारूच्या नशेत एका गुलामाला मारलं. बापाने त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि आता याचं काय करायचं हे विचारायला अथेन्सच्या धर्माधिकाऱ्याकडे माणूस धाडला. निरोप परत येईपर्यंत मजूर थंडीने आणि उपासमारीने मेला. युथिफ्रोची खात्री आहे की आपला खटला देवांना मान्य आहे. त्यावर सॉक्रेटिस तो प्रसिद्ध प्रश्न विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं?

पहिलं उत्तर घेतलं तर चांगुलपणा म्हणजे निव्वळ मर्जी. मर्जी फिरली तर क्रौर्यही चांगलंच. दुसरं घेतलं तर चांगलं-वाईट देवाच्या सांगण्याआधीच ठरलेलं आहे आणि ते आपल्या बुद्धीला कळू शकतं. या संवादाबद्दल बोलणारे सगळे इथे थांबतात. मला मात्र तो खड्ड्यातला मजूर सोडत नाही. बापाने वाईट निर्णय घेतला असंही म्हणता येत नाही. त्याने निर्णयच घेतला नाही. योग्य अधिकाऱ्याला विचारलं, रीतसर विचारलं, आणि मधल्या वेळात एक माणूस मेला. हा मृत्यू कुणाच्या खात्यावर मांडायचा?

आपल्याकडे हाच वाद वनपर्वात आहे, आणि मला तो प्लेटोपेक्षा धीट वाटतो. सगळं हरून वनात बसलेली द्रौपदी युधिष्ठिराला सुनावते की ईश्वर प्राण्यांना लाकडी बाहुल्यांसारखा हलवतो, पोराने खेळण्यांशी खेळावं तसा खेळतो. पुढे ती जे म्हणते ते वाचताना आजही दचकायला होतं. केलेलं कर्म कर्त्याला चिकटत असेल, तर या पापाचा लेप ईश्वरालाही लागला पाहिजे. आणि लागत नसेल, तर त्याचं कारण एकच, बळ; मग मला कीव येते ती दुबळ्यांची.

युधिष्ठिर आधी म्हणतो की तू नास्तिकासारखं बोलतेस. (हा प्रतिसाद ओळखीचा वाटला का?) पण मग तो अशी गोष्ट बोलतो की तिच्यामुळे मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. मी फळासाठी धर्म आचरत नाही, द्यायला हवं म्हणून देतो; धर्माचा व्यापार करणारा सगळ्यांत हीन. द्रौपदीच्या तर्काला हे सरळ उत्तर नाही, फळांचं गुपित देवांनाच ठाऊक असं सांगून तो तिथून निसटतो. पण स्वतःच्या कृतीचा आधार त्याने देवाच्या हिशेबावर ठेवलेला नाही, एवढं नक्की.

तर बोला.

वाचनमात्र

चटई टाकून बसले आहे. भांडण सुरू झालं की उठवा.

कूर्म

धागा चांगला आहे, पण 'पळवाट' हा शब्द फार घाईने वापरलात असं वाटतं. ज्या परंपरेवर तुम्ही हा आरोप ठेवता आहात, तिने त्याचा विचार तुमच्या-माझ्या बराच आधी केलेला आहे.

ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) हा आक्षेप सरळ मांडला आहे: कुणी सुखी, कुणी दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नाही का? शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर सापेक्ष आहे, जीवाच्या धर्माधर्माला धरून तो फळ देतो. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. साळ उगवेल की सातू, हे बीजावर ठरतं. म्हणजे भेदाचं कारण पावसात नाही.

पुढे २.३.४१ आणि ४२ मध्ये आणखी नाजूक प्रश्न आहे. जीवाचं कर्तृत्वही ईश्वराधीन, असं आधी म्हटलं आहे. मग विधिनिषेध कशाला? जो स्वतंत्रच नाही त्याला 'हे कर, ते करू नको' सांगण्यात काय अर्थ? त्यावर उत्तर येतं की ईश्वर जीवाच्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याच्याकडून कर्म करवतो, नाहीतर विधिनिषेध व्यर्थ ठरले असते. युक्तिवादाचा क्रम पाहा. माणूस जबाबदार आहे हे इथे सिद्ध करत बसलेले नाहीत. ते गृहीत आहे, आणि ईश्वराच्या सामर्थ्याची व्याख्या त्याला धरून बेतली आहे.

गीतेतही अठराव्या अध्यायात ६१व्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो असं आहे, आणि लगेच ६३व्यात 'यथेच्छसि तथा कुरु'. मध्ये एकच श्लोक. यंत्रावरच्या बाहुलीला कुणी 'तुझी इच्छा असेल तसं कर' म्हणत नाही.

तर्कटपंत

कूर्म, अभ्यास नेहमीसारखा दांडगा. पण त्या पावसाने प्रश्न सुटत नाही, फक्त एक घर मागे सरकतो. बीजं वेगळी का? आधीच्या जन्मातल्या कर्मामुळे. ती कर्मं वेगळी का? त्याच्या आधीच्या जन्मामुळे. असं करत संसार अनादि आहे म्हणून सोडून द्यायचं. सूत्रकारही पुढच्याच सूत्रात तेच करतात.

आणि या उत्तराची किंमत कोण मोजतं? ज्याच्यावर अन्याय झाला तो. तुझ्याच कर्माचं फळ, असं त्याला सांगितलं की अन्याय करणारा मोकळा.

याला छेद देणारी मांडणीही इथलीच आहे. अंगुत्तरनिकायात बुद्धाचं एक प्रवचन आहे, त्यात तीन मतं तो एकामागून एक मोडतो: सगळं पूर्वकर्मामुळे घडतं, सगळं ईश्वराने निर्मिलेलं असल्यामुळे घडतं, आणि सगळं विनाकारण घडतं. तिन्हींवर आक्षेप एकच. असं मानलं तर माणूस खुनी, चोर, खोटारडा होतो तोही त्याच कारणाने होतो, आणि मग 'हे करावं, हे करू नये' असं म्हणायला इच्छाही उरत नाही आणि प्रयत्नही. कूर्म, यात पूर्वकर्मही आहे बरं का. बुद्धाने कर्म मानलं, पण सगळं त्याच्यावर टाकायला तो तयार नव्हता.

मला हे प्रवचन आवडतं ते यासाठी की त्यात देवाच्या अस्तित्वाचा वादच नाही. एखादं मत मानल्यावर माणसाच्या हातून काय सुटतं, एवढंच विचारलं आहे.

अनवट

पंत, नेमकं. आणि हे फक्त ग्रंथांत राहत नाही, याचं उदाहरण देतो.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, पोर्तुगालची राजधानी लिस्बन, चर्चेस भरलेली. प्रचंड भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आगी लागल्या, त्या दिवसेंदिवस धुमसत राहिल्या. धर्मनिष्ठ शहर, प्रार्थनेची वेळ आणि छप्पर कोसळलं ते प्रार्थना करणाऱ्यांवर. 'हे जग शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम' या लायब्निझच्या मताची व्हॉल्तेअरने याच भूकंपावरून रेवडी उडवली, ते बहुतेकांना माहीत आहे.

मला त्यानंतरची दोन माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. एक जेझुइट पाद्री मालाग्रिदा. तो सांगत सुटला की हा लोकांच्या पापांचा दंड आहे, नैसर्गिक कारणं काय शोधता, प्रायश्चित्त घ्या. दुसरा मंत्री, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेलेला. त्याने देशभरच्या धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, समुद्र आधी ओसरला की चढला, किती घरं पडली, किती माणसं गेली. आज भूकंपशास्त्राचे अभ्यासक ती उत्तरं वापरतात. (पोंबालला संत करू नका. मालाग्रिदाला १७६१ मध्ये मृत्युदंड झाला, त्यामागे पोंबालचं राजकारण होतं. विवेकवादी माणसाच्या हाती सत्ता आली की तो आपोआप न्यायी होतो, या भ्रमावर हा चांगला उतारा आहे.)

आणि रूसो. ऑगस्ट १७५६ मध्ये त्याने व्हॉल्तेअरला लांबलचक पत्र लिहिलं. रूसो ईश्वर मानणारा, दैवी योजनेची बाजू घेणारा. तरीही तो काय म्हणतो? सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने बांधली नव्हती. लोक विखुरलेले राहिले असते, आणि कपडेलत्ते नि कागदपत्रं वाचवायला मागे न फिरता पहिल्याच धक्क्याला बाहेर पडले असते, तर हानी खूप कमी झाली असती.

म्हणजे देवाचा बचाव करायला निघालेला माणूस माणसाच्या जबाबदारीपाशी येऊन पोहोचला. मालाग्रिदाही आस्तिक आणि रूसोही आस्तिक. फरक श्रद्धेत नाहीच.

नि३

तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय की 'निवाडा करणारा' असा कुणीतरी आत बसलाय. लिबेटचा प्रयोग, १९८३. माणसाला बोट हलवायची इच्छा झाल्याचं कळतं ते हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी, पण मेंदूत तयारीचा विद्युतसंकेत त्याच्याही आधी, हालचालीपूर्वी जवळपास अर्ध्या सेकंदापासून सुरू असतो. निर्णय झाल्यावर तुम्हाला कळवलं जातं. देवाला काढा नाहीतर ठेवा, जबाबदारी हाच भ्रम आहे. जनुकं + परिस्थिती. विषय संपला.

तर्कटपंत

नि३, विषय संपला म्हणणाऱ्याचा विषय कधी संपत नाही, हा माझा अनुभव. :)

लिबेटचं वाचन तेवढं सरळ राहिलेलं नाही. २०१२ मध्ये शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतले सततचे यादृच्छिक चढउतार उंबरठा ओलांडेपर्यंत साचत जातात असं मानलं, तरी तोच आलेख मिळतो. म्हणजे तो संकेत 'आधीच झालेला निर्णय' असेलच असं नाही. शिवाय बोट कधी हलवायचं याला काही कारणच नसतं. मित्राविरुद्ध साक्ष द्यायची का, यावर माणूस रात्रभर तळमळतो, त्यातले अर्धे सेकंद कुठले मोजणार?

आणि गंमत पाहा. 'ईश्वर करवतो' आणि 'जनुकं करवतात', व्याकरण तेच आहे. कर्ता बदलला, प्रयोजक क्रियापद राहिलं. अंगुत्तरनिकायातला तो आक्षेप तुमच्या मतालाही जसाच्या तसा लागू होतो.

नि३

आक्षेप लागू होतो म्हणजे मत खोटं ठरत नाही. परिणाम आवडत नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

तर्कटपंत

हे मान्य. पण मग मला 'पटवून' का देताय? परिस्थिती देईलच.

पारिजातक

मी श्रद्धावान आहे, आणि अनवट यांचं पहिलं वाक्य मला मान्य आहे: जबाबदारी कमी होत नाही. पण त्यातून 'म्हणजे श्रद्धेने काही फरकच पडत नाही' असं जे सुचवलं जातंय, ते मान्य नाही.

मिलग्रॅमचे प्रयोग सगळ्यांना माहीत असतील. येल विद्यापीठ, १९६१ पासून पुढे. उत्तर चुकलं की समोरच्याला विजेचा धक्का द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा. (धक्के खोटे होते, ओरडणारा नट होता. काही जणांना तसा संशयही आला होता, आणि त्यावरून या प्रयोगांवर टीका झाली आहे.) पहिल्या प्रसिद्ध मालिकेत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. आता बघा, तिथे देव नव्हता. राखाडी कोट घातलेला एक माणूस होता आणि तो शांतपणे म्हणत होता की प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे. जबाबदारी ढकलायला वर देवच लागतो असं नाही. विज्ञान चालतं, राष्ट्र चालतं, 'वरून आदेश आहे' तर पळतंच.

आणि याच प्रयोगांत एक सहभागी होता, बायबलचा जुना करार शिकवणारा प्राध्यापक. तो १५० व्होल्टला थांबला. नंतर त्याला विचारलं की अमानुष अधिकाराला विरोध करण्याचं बळ कशातून येतं. त्याचं उत्तर साधारण असं: ज्याचा अंतिम अधिकारी ईश्वर आहे, त्याला माणसांचे अधिकार क्षुल्लक वाटतात.

श्रद्धेचा हा उपयोग तुमच्या हिशेबात कुठे बसतो? तो माणूस जबाबदारी वर ढकलत नव्हता. वर कुणीतरी आहे म्हणूनच त्याला इथल्याला 'नाही' म्हणता आलं.

मुक्ता_

पारिजातक, फार आवडलं. चटईवरून उठून टाळ्या.

अनवट

पारिजातक, उदाहरण मोठं आहे, ते मी झटकून टाकणार नाही. पण मिलग्रॅमने त्यावर जी टिप्पणी केली तीही जोडायला हवी. त्याच्या मते या माणसाने अधिकार नाकारला नाही, वाईट अधिकाराच्या जागी चांगला, म्हणजे दैवी, अधिकार आणला. आता प्रश्न असा की दैवी अधिकाराने 'धक्का दे' म्हटलं असतं तर?

हा काल्पनिक खोडसाळपणा नाही. बायबलमधल्या अब्राहमला मुलाचा बळी मागितला गेला तो प्रसंग घ्या. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ मध्ये एका तळटीपेत लिहिलं आहे की अब्राहमने त्या आवाजाला असं उत्तर द्यायला हवं होतं: माझ्या चांगल्या मुलाला मी मारू नये हे अगदी निश्चित आहे, पण तू जो मला दिसतोस तो देव आहेस, हे निश्चित नाही आणि कधी होऊही शकत नाही. कांट नास्तिक नव्हता. १७८८ च्या ग्रंथात नीतीच्या पूर्णतेसाठी ईश्वर गृहीत धरावा लागतो असं तोच मांडतो. पण क्रम बघा. नीती आधी, ईश्वर तिच्या मागून.

तुमचा प्राध्यापक १५० व्होल्टला थांबला तेव्हा त्याला आकाशवाणी झालेली नव्हती. 'या माणसाला त्रास होतोय, हे बरोबर नाही' हे त्यालाच कळलं आणि त्यानेच ठरवलं की माझा देव याच्या बाजूने असणार. श्रद्धेने त्याला ताठ उभं केलं, मान्य. पण कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, ते त्याने ठरवलं.

पारिजातक

त्यात मला अडचण वाटत नाही. तुकोबांनी 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' म्हटलं, तेव्हा त्यांची विठ्ठलावरची श्रद्धा कमी झाली नव्हती. मनाची ग्वाही आणि देवाचा आधार, हे दोन वेगळे पक्ष आहेत असं तुम्ही धरून चालता. आम्ही धरत नाही.

कूर्म

आणि विवेकालाही एवढं सोवळ्यात ठेवू नका. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइशमनवर खटला चालला. लाखो ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे पाठवण्याची वाहतूक ज्याने आखली, त्याने सांगितलं की आपण आयुष्यभर कांटच्या नीतितत्त्वाप्रमाणे वागत आलो. व्याख्याही बरीचशी बरोबर सांगितली. कांटच्या तत्त्वात आज्ञापालन कुठेच नाही, उलट प्रत्येकाने स्वतः कायदा करणारा व्हावं असं आहे. पण 'कर्तव्य' एवढा एक भाग उचलला आणि करणारा कोण हे वगळलं की झालं.

तात्पर्य, ग्रंथाचा आधार घेऊन जे करता येतं तेच तर्काचा आधार घेऊनही करता येतं.

तर्कटपंत

कूर्मांशी सहमत होण्याची वेळ यावी! मी हे जपून ठेवतो.

पण पारिजातक, तुमच्या एका उदाहरणासमोर माझं एक. १९७३, डार्ली आणि बॅटसन. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले विद्यार्थी, म्हणजे पुढचे पाद्री. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला. काहींचं भाषण कशावर होतं? वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या बायबलमधल्या दृष्टान्तावर! भाषणाच्या विषयाने मदतीत लक्षणीय फरक पडला नाही. धर्माकडे कोण कोणत्या वृत्तीने बघतो, यावरूनही कोण थांबेल ते सांगता आलं नाही. फरक पडला तो घाईने. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनी.

नि३

म्हणजे परिस्थिती. मी काय म्हणत होतो?

तर्कटपंत

नाही हो. घाई कुणी लावली, हा पुढचा प्रश्न आहे. ज्याला हे आकडे माहीत आहेत आणि तरी जो दुसऱ्यांना पळवतो, त्याची जबाबदारी वाढली. परिस्थितीचं ज्ञान हे निमित्त नव्हे, ते ओझं आहे.

मुक्ता_

एक कोपरा राहून गेलाय असं वाटतं. आतापर्यंत सगळे 'करण्याआधी'बद्दल बोलले. करून बसल्यानंतरचं काय?

माझ्या ओळखीतल्या नास्तिकांपैकी एकाने मला सांगितलं होतं की श्रद्धावानांचा त्याला हेवा वाटतो तो एकाच गोष्टीसाठी: त्यांना माफी मागायला कुणीतरी असतं. मला तेव्हा ते पटलं होतं. आता तितकंसं पटत नाही. कारण ज्याचं नुकसान केलं तो माणूस बाजूला राहतो आणि हिशेब माझा नि देवाचा होतो. मी रडले, मला हलकं वाटलं, मी सुटले. त्याचं काय?

ज्यू परंपरेतल्या मिश्नामध्ये यावर स्पष्ट नियम आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसाने माणूस आणि देव यांच्यामधली पापं धुतली जातात. पण माणसा-माणसांतली नाही, ज्याच्याशी वाईट वागलात त्याचं समाधान करेपर्यंत नाही. मला हे फार थोर वाटतं. हे कुणा नास्तिकाने काढलेलं नाही. देव मानणाऱ्यांनीच देवाला सांगितलं की हे खातं तुझं नाही.

वनपर्वातल्या द्रौपदीला कोणी माफी मागितली का, हा प्रश्नही यातच येतो. मला तरी आठवत नाही.

अनवट

मुक्ता, हा कोपरा माझ्या डोक्यात नव्हता. 'जबाबदारी कुणाची' एवढंच मी विचारत होतो, 'कुणाला' हे विचारलंच नव्हतं.

आणि ज्याचं नुकसान झालं तोच हयात नसेल तर? मग श्रद्धावानाकडे निदान एक दार आहे. नास्तिकाकडे भरपाई आहे, कबुली आहे, पुन्हा न करणं आहे; पण माफ करू शकणारं कुणी नाही. तेवढं ओझं घेऊन जगायचं. इथे दोन्ही बाजू सारख्या आहेत असं मला म्हणता येणार नाही.

कूर्म

हे तुम्ही प्रांजळपणे लिहिलंत, म्हणून माझ्या बाजूचंही एक. कर्मसिद्धान्त पीडितावर उलटवला जातो हा पंतांचा आक्षेप खरा आहे, आणि त्याला 'सिद्धान्ताचा गैरवापर' एवढं म्हणून भागत नाही. माझ्यापुरता मी एक नियम करून घेतला आहे: कर्मफळाचा विचार स्वतःच्या दुःखाबाबत करावा, दुसऱ्याच्या दुःखाबाबत कधी नाही. दुसऱ्याच्या बाबतीत फक्त माझं कर्तव्य काय तेवढं पाहावं. याला शास्त्राधार दाखवा म्हणाल तर नाही.

तर्कटपंत

शास्त्राधार नसलेला नियम स्वतः केलात आणि पाळताय. अनवट यांचा धागा इथेच जिंकला!

कूर्म

जिंकला नाही. तो नियम करण्याची बुद्धी कुठून आली, हा प्रश्न आहेच.

वाचनमात्र

भांडण झालंच नाही, फसवणूक आहे ही.

पण एक विचारते. नाझी नेत्यांवरच्या खटल्यांवरून बेतलेल्या न्यूरेंबर्ग तत्त्वांत (१९५०) चौथं तत्त्व असं आहे की वरिष्ठाची आज्ञा होती म्हणून जबाबदारीतून सुटका नाही. 'मात्र नैतिक निवड त्याला प्रत्यक्षात शक्य असायला हवी'. हे शेपूट मला अडतं. शक्य होती की नव्हती ते कोण ठरवणार? प्रत्येक जण म्हणणार की मला शक्यच नव्हतं. मिलग्रॅमकडचे लोकही तसंच म्हणाले असतील, आणि त्यांना तर कुणी बांधूनही ठेवलं नव्हतं.

पारिजातक

त्याच प्रयोगांच्या आणखी एका प्रकारात उत्तराचा एक तुकडा आहे. तिथे धक्के देणारे तिघे बसवले होते. पैकी एक १५० व्होल्टला उठला, दुसरा २१० ला. उरलेल्या तिसऱ्यांपैकी शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. म्हणजे निवड 'शक्य' असणं हे बरंचसं शेजारी कुणी उठलंय का यावर असतं. म्हणून मला सत्संगाचं महत्त्व वाटतं. तुम्ही त्याला दुसरं नाव द्या.

अनवट

पण मग तुमच्या हिशेबात पहिल्या उठणाऱ्याला ते शक्य कशामुळे झालं?

नि३

ते दोघं मिलग्रॅमनेच बसवलेले होते हो. त्यांना उठायचेच पैसे होते.